पहिला घास

सिस्टर आमच्या शेजारी राहायला आल्या तेव्हा मला मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती. सांगलीच्या आमच्या गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी सगळ्यांच्या त्या सिस्टरच. पहिल्यांदा घरी आल्या त्या कढीपत्ता मागायला. टेबलावर माझा रिपोर्ट पडला होता. विचारून त्यांनी तो उचलला. उपाशीपोटी ११४, जेवणानंतर १५८, आणि तीन महिन्यांचा अंदाज देणारं एचबीए१सी मात्र ७.६.

"हे जुळत नाही गं. पीपीला रक्त कधी दिलंस?"

"जेवल्यावर दोन तासांनी."

"जेवायला कधी बसलीस?"

साडेअकराला ताट घेतलं होतं. मध्ये गॅसवाला आला, फोन आला, हात धुवेपर्यंत सव्वाबारा. तिथून दोन तास मोजून निघाले, लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत पावणेतीन. तिथं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सिस्टरांनी बोटांवर हिशेब केला. "सव्वातीन तास झाले. तोवर शुगर उतरायला लागलेली असते. हात धुतल्यावर नाही, पहिला घास तोंडात गेला की घड्याळ लावायचं."

चार वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी मागचे सगळे रिपोर्ट काढून बसले आणि त्यातल्या एकाही 'पीपी'वर माझा विश्वास राहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. घरच्या ग्लुकोमीटरची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडायची, म्हणून दिवसभर टोचत बसायचं नाही. एका दिवशी एकच जेवण धरायचं. जेवणाआधी एकदा, पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, आणि शेजारी काय खाल्लं ते लिहायचं. नुसत्या आकड्याला अर्थ नाही, असं त्या म्हणत. साखर साधारण तासा-दीड तासात वर चढते. निरोगी माणसाची दोन तासांनी बरीचशी खाली आलेली असते, आपली तिथंच रेंगाळते. १८०च्या आत ठेव, असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतंच. तो आकडा कुठल्या वेळेचा, हे मला सिस्टरांमुळे कळलं.

कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आकडे उमटू लागले. ज्वारीची भाकरी, पिठलं, मेथी : १५२. पोहे : २०८. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी : २४६. उपासाचं म्हणून मी ती निर्धास्तपणे दोनदा घेतली होती. तो आकडा बघून मी रडले. सिस्टर रागावल्या नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता कळलं ना, बास."

एकदा मात्र ३१० आले. घाबरून धावत गेले. त्यांनी माझा हात नाकाशी नेला. "आंबा सोललास?" नळाखाली साबणानं हात धुवायला लावले, कोरडे पुसले, बोटाच्या कडेला टोचलं (टोकाला जास्त दुखतं, आणि भाजी चिरताना टोकच लागतं). १४८. बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. त्या ३१०वर विसंबून मी जास्तीची गोळी घेतली असती, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

गोळीच्या बाबतीत त्या कडक होत्या. खरी शुगर कळावी म्हणून मी तपासणीच्या दिवशी गोळी टाळायचे. "अगं, गोळी घेऊन काय होतंय तेच तर बघायचंय," म्हणाल्या. डोस स्वतः बदलायचा नाही, कॅलेंडरचं पान डॉक्टरांपुढे ठेवायचं. डॉक्टरांनी ते पान बराच वेळ वाचलं आणि त्यावरून औषध बदललं. सहा महिन्यांनी एचबीए१सी ६.८ आलं.

सिस्टरांनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही. मूठभर कढीपत्ता तेवढा न्यायच्या, तोही मागून. पुढं त्या मुलाकडे नागपूरला गेल्या. तिकडं जाणारं कुणी भेटलं की वाळवलेल्या कढीपत्त्याची पुडी मी अजून पाठवते.

आता माझी मुलगी बंगळूरला असते. सातव्या महिन्यात तिची शुगर वाढलेली निघाली. गरोदरपणात हिशेब वेगळा, जास्त कडक : तासाभरानं १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत. तिच्या डॉक्टरांनी तिला तासाची वेळ दिली आहे. मी सिस्टरांना फोन लावला. आवाज थकला होता. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तास कधीपासून मोजते ती?"

आज दुपारी मुलीचा फोन आला. "आई, पहिला घास घेतला. एक वाजून दहा." मी कॅलेंडरवर लिहून घेतलं आणि दोन वाजून दहाचा गजर लावला.