आईचा निशिगंध

कळंब्याच्या तलावानं कोल्हापूर शहराला पाणी पाजलं. आमच्या परड्याला मात्र मोरीचंच पाणी. त्यावरच आई निशिगंध आणि झिनिया करायची. जागा दोन खाटांएवढी, पण दिवसभर उन्हाची. "ऊन नसंल तर नुसता पालाच येतोय," ती म्हणायची.

निशिगंधाचे कंद वैशाखात लागायचे. आमच्याकडचा पाऊस वाफ्यात तुंबला की कंद कुजतो, म्हणून शेणखत मिसळून माती वीतभर उंच ओढायची. दोन कंदांत वीतभर अंतर, वर दोन-तीन बोटं माती. गणपतीच्या सुमाराला दांडे यायचे. झिनियाचं बी सरळ वाफ्यातच; आठवड्याच्या आत उगवायचं. रोप वीतभर झालं की आई शेंडा खुडायची. मला बघवायचं नाही. "रडतीस काय? एक शेंडा खुडला की चार फांद्या फुटत्यात!" फूल झाडावरच वाळू दिलं की झाड बी धरतं आणि बहर आटतो. तोडत राहिलं तर फुलत राहतं.

तोडणी भल्या सकाळी. निशिगंधाची खालची दोन-तीन फुलं उमलली की दांडा काढायचा, वरच्या कळ्या घरात उमलतात. झिनियाचं तसं नाही. ती तोडल्यावर उमलत नाही. देठ धरून हलवायचा. मान ताठ राहिली तर तोडायचा, लवली तर अजून दोन दिवस थांबायचं.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. फूल माळणंही त्याच दिवशी संपलं. वाफा मात्र तिनं मोडला नाही. गौरी-गणपतीला गल्लीतल्या बायका आमचे दांडे न्यायच्या. हळदी-कुंकवाला वेण्या आमच्या फुलांच्या, आणि बोलावणं सगळ्यांना, आईला सोडून. तरी फुलं मागायला आलेल्या बाईला तिनं कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही.

मे 2022 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. बातमी मी आईला वाचून दाखवली.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचली. म्हटलं, "आता माळ की एखादं फूल."

"माळाय क्यास कुठं राहिल्यात?" म्हणून ती हसली आणि उठून परड्यात गेली.

त्या वर्षी निशिगंधाचा पहिला दांडा तिनं देवाला वाहिला नाही की कुणाला दिला नाही. खालची पानं काढून तांब्यात ठेवला आणि तांब्या आपल्या उशाशी. रोज पाणी बदलायचं, देठाचं बूड बोटभर कापायचं; वरच्या कळ्या एकेक करून उमलत राहिल्या. तेव्हापासून दर साली पहिला दांडा तिचा असतो. देवाला दुसरा.