पोकळ फरशी

अब्बांनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्या. आमच्या घरात मात्र फरशी निवडताना मी त्यांना विचारलं नाही.

सोलापुरात आम्ही घर बांधलं तेव्हा पुढे गाडीपुरती जागा ठेवली होती. बहिणीचं लग्न तोंडावर होतं. पाहुणे याच जागेत बसणार, जेवणाच्या पंगतीही इथेच पडणार. मला चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. अब्बा एवढंच म्हणाले, “चिकनी फरशी पानी में दगा देती, बेटा.” मी म्हणालो, “अब्बा, आता जमाना बदललाय.” ते गप्प बसले. पैसे मी देत होतो ना!

लग्न झालं, फोटो छान आले. वर्षभरात गाडीच्या चाकांखालच्या चार टाइल्स तडकल्या. दुसऱ्या पावसाळ्यात अम्मी दूध घ्यायला बाहेर आली आणि पाय घसरून पडली. मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. अब्बा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

प्लास्टर निघाल्यावर मीच त्यांच्यापुढे जाऊन बसलो. म्हटलं, “आता तुम्ही सांगा.”

ते हातात एक रुपयाचं नाणं घेऊन बाहेर आले आणि एकेक टाइल वाजवू लागले. काही ठिकाणी ठाम आवाज, काही ठिकाणी ठणठण. “ऐकलंस? खाली पोकळ आहे.” कारागिराने टाइलच्या चार कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून वरून दाबलं होतं, मध्ये हवाच. माणूस चालला तर चालून जातं; गाडीचं ओझं चार चाकांवरच येतं, तिथे पोकळ टाइल तडकणारच.

मग आम्ही सगळे पर्याय पाहिले. इपॉक्सी दिसायला सुंदर, तेलाचे डागही पुसले जातात. पण खालून ओल आली की त्याचे पापुद्रे सुटतात. आमच्याकडे ओल होतीच. पेव्हर ब्लॉक फुटला तर तेवढाच बदलता येतो. मात्र खालची खडी-रेती नीट दाबली नाही तर चाकांच्या रेषेत खड्डे पडतात. साधा कोबा सर्वात स्वस्त. त्यात सांधे सोडले नाहीत तर तो आपली भेग आपणच शोधतो.

अब्बांनी निवडली जाड, खरबरीत शहाबादी, पॉलिश न केलेली. शहाबाद आमच्यापासून लांब नाही, वाडीच्या रेल्वेमार्गावरच. दोषही त्यांनीच सांगितले: हा चुनखडीचा दगड, बॅटरीचं किंवा संडास धुण्याचं ॲसिड सांडलं की पांढरा पडतो, खातो. तेल सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा टाकायचा, मुरू द्यायचं नाही.

खरा वेळ गेला तो खालच्या कामात. जुनं सगळं उखडलं, मुरूम धुम्मस करून दाबला, चार इंच काँक्रीट घातलं. मला घाई होती. अब्बांनी गोणपाट अंथरून रोज दोन वेळा पाणी मारायला लावलं आणि गाडी अठ्ठावीस दिवस रस्त्यावरच ठेवली. उतार दहा फुटांना सव्वा इंच, फाटकाकडे. फरशीखाली माल पूर्ण पसरलेला, एकही पोकळी नाही. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं. ते खुर्चीत बसून काठीने प्रत्येक फरशी वाजवायचे. कारागीर कंटाळला, पण तीन फरशा त्यांनी परत उचलायला लावल्याच.

आता पाऊस आला की पाणी सरळ बाहेर जातं. जागा फोटोत काही खास दिसत नाही. ईदच्या दिवशी चटया अंथरल्या की वीस माणसं आरामात बसतात, आणि अम्मी भिंत न धरता फाटकापर्यंत जाते.

तुम्ही गाडीसाठी फरशी निवडत असाल तर दुकानात रंग बघण्याआधी दोन गोष्टी विचारा: खाली काय घालणार, आणि ओल्या पायांनी हिच्यावर कोण चालणार? आणि घरात एखादा जुना कारागीर असेल, तर त्याला सगळ्यात आधी विचारा.