पंखा थांबत नाही

नेरूळ, रविवार. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, तेव्हापासून आमच्या इमारतीत घरोघरी हेच चाललंय: प्रणाली नवी, यंत्र जुनं. माझ्या लॅपटॉपचा पंखाही सकाळपासून घरघरतोय.

टास्क मॅनेजर उघडला. डिस्क शंभर टक्के. याला मी फारशी घाबरत नाही. अपग्रेडनंतर फाइल शोधण्याची सूची नव्याने बनते, ड्रायव्हर बदलतात. यंत्र चार्जरला लावून थोडा वेळ सोडून द्यावं, बरीचशी कुरकुर आपोआप मिटते. ‘फॉरमॅट मारा’ म्हणणारा शेजारी भेटतोच. त्याला चहा पाजून विषय बदलावा.

बॅटरीचं दुखणं वेगळं. पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता 41,000 मिलीवॉट-तास, आता पूर्ण भरली तरी 22,000. एवढी झीज काही एका रात्रीत होत नाही; बोल मात्र घरातले सगळे नव्या प्रणालीला लावत होते. लिथियमला उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज, दोन्ही सोसत नाहीत. खाडीकाठच्या दमट उकाड्यात वर्क फ्रॉम होम म्हणजे नेमकं तेच.

इथून जवळच, ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-महापेला मोठाली डेटा सेंटर्स आहेत. तिथे यंत्रं थंड ठेवायला अख्खी यंत्रणा राबते. माझ्याकडे एक जुना रंगाचा ब्रश आहे. त्याने जाळीतली धूळ काढली. पंख्याचा आवाज जरा उतरला.

उद्या वाशीला जाऊन हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेईन. बॅटरी ओरिजिनल घ्यायची की स्वस्तातली, यावर घरात अजून एकमत नाही.