बंबात गेलेली पाकिटे

आजोबांच्या पेटीतल्या पत्रांवरची तिकिटे मी कोमट पाण्यात सोडवली आणि पाकिटे बंबात घातली. बिलोलीतल्या आमच्या घरातला निजामी टपालाचा पुरावा असा माझ्याच हातून गेला.

आजोबा कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. त्यामुळे तहसिलीची, वकिलांची, नात्यागोत्याची पत्रे घरात साठलेली. पत्ते बहुतेक उर्दूत. मला उर्दू येत नव्हते, आणि जे वाचता येत नाही ते मी रद्दी ठरवले. मला हवी होती फक्त चित्रे: एका आण्याचा चारमिनार, आठ आण्यांवरची अजिंठ्याची लेणी. काही तिकिटांवर वरून उर्दू अक्षरे छापलेली होती. ती खराब समजून गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. तो ‘सरकारी’ असा छापा होता. कचेरीच्या टपालासाठीची तिकिटे होती ती.

पंचम जॉर्जची तिकिटे मी वेगळ्या वहीत लावली. एकाच घरात दोन राजवटींची तिकिटे का, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. निजामाचे तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालायचे. बिलोलीहून बोधनला, नांदेडला, थेट हैदराबादला ते पुरे. वऱ्हाडात उमरखेडला लिहायचे तर मात्र इंग्रजी तिकीट, कारण तिथला कारभार इंग्रजांकडे. पैसेही वेगळे. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे जवळपास सहा कलदार. आज उमरखेड आपल्याच राज्यात आहे आणि बोधन तेलंगणात. दरही बदलत. 1930 मध्ये पाव आण्याच्या तिकिटावर ‘चार पै’ आणि अर्ध्या आण्याच्या तिकिटावर ‘आठ पै’ असा नवा दर छापला गेला. पण तो कोणत्या पत्राला, कुठून कुठे आणि कोणत्या तारखेला लागला, हे सुटे तिकीट सांगत नाही. ते पाकीट सांगते.

पुढे कॅटलॉगमधल्या किमतींची बेरीज करून मी धाकट्या बहिणीला शब्द दिला, की यातून भाचीच्या शिक्षणाचा खर्च निघेल. एका जाणकार व्यापाऱ्याने वह्या चाळल्या. जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे, ही तिकिटे ढिगाने छापली गेली, असे त्याने समजावले. कॅटलॉगचा भाव निर्दोष तिकिटाचा असतो. माझ्या तिकिटांचे दाते तुटलेले, मागचा कागद सोललेला. जमिनीच्या कागदांत अडकून वाचलेले एकच पाकीट मी सोबत नेले होते. ते त्याने उजेडात धरून बराच वेळ पाहिले. हैदराबादवरच्या सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतरही निजामाची तिकिटे 31 मार्च 1950 पर्यंत चालू होती, आणि त्या पाकिटावर 1949 चा शिक्का स्पष्ट होता. त्या एका पाकिटाला त्याने दोन्ही वह्यांपेक्षा जास्त किंमत सांगितली. तीही शिक्षणाला पुरणारी नव्हती.

हे बहिणीला त्याच आठवड्यात सांगायला हवे होते. ‘भाव वाढतील’ म्हणत मी टाळत राहिलो. माझ्या शब्दावर विसंबून तिने भाचीचा प्रवेश घेतला आणि शेवटी व्याजाने पैसे काढले. तिकिटांच्या सगळ्या चुकांपेक्षा ही मला जास्त लागते. त्या कर्जाचे हप्ते नंतर मी भरले. तिने अजून त्यावरून एक शब्द ऐकवलेला नाही.

वह्यांत तिकिटांखाली मी आठवणीवरून गावांची नावे लिहिली होती: कुंडलवाडी, देगलूर, बोधन. ती खोडून टाकली. काही बरोबर असतीलही, पण सिद्ध करायला कागद उरलेला नाही.