मलिक अंबराच्या मुलखात

बीड नगराच्या दक्षिणेस सुमारे दोन कोसांवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीतील सरदार सलाबतखान याने ती बांधविली. भूमिगत नाल्यांतून आलेले पाणी दुसऱ्या नाल्याने बाहेर पडून मोटेवाचून शेतांस पोचते. बालाघाटाच्या कुशीतील या अवर्षणग्रस्त मुलखात अशा कृतीचे मोल निराळे सांगावयास नको.

ही निजामशाही मोठी विलक्षण होती. माजलगावाकडून गोदावरी ओलांडली म्हणजे पाथरी लागते. तेथील कुलकर्णीपण ज्या ब्राह्मण घराण्याकडे होते, त्यातील एक मुलगा युद्धात धरला जाऊन बहमनी दरबारात गुलाम झाला; त्याच्याच पुत्राने पुढे अहमदनगरचे तख्त स्थापिले, असे फेरिस्ता लिहितो. ज्या वंशाचा मूळपुरुषच दास, त्या वंशात कुळाचा ताठा कोठून यावा? पण तो आला.

मलिक अंबर इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात जन्मला. बाजारांतून विकला जात तो दक्षिणेत आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान, जो स्वतः हबशीच होता, त्याने त्यास विकत घेतले. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतले, तेव्हा अंबराने दुसऱ्या मुर्तजास गादीवर बसवून बुडते राज्य सावरले, आणि आपली कन्याही त्यास दिली. पुढे खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. आष्टी तालुक्याच्या शेजारी भातवडी येथे १६२४ साली मोगल व आदिलशाही फौजा त्याने एकदम मोडल्या.

एवढ्या पराक्रमानेही वर्णाचा डाग पुसला नाही. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याच्या काळेपणाचा उल्लेख करून त्यास हिणवितो. १६१७ साली अंबरास भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने तर अंतःपुरातील कथा नमूद केली आहे. मुर्तजाची गोरी इराणी राणी अंबरकन्येस काफर दासी म्हणून टोचून बोलली. कन्येने ते पित्यास कळविले. आणि अंबराने राजा-राणी दोघांसही विष देवविले. एका वाग्बाणाचे केवढे हे पर्यवसान!

इंग्लंडातील सरदारकुलांची रीतही वेगळी नव्हती. २०१३ साली निघालेल्या ‘बेल’ या चित्रपटात डायडो बेल हिची कथा आहे. नौदलातील कप्तान पिता आणि आफ्रिकी दासी माता यांची ही कन्या लॉर्ड मॅन्सफील्डच्या वाड्यात लाडाने वाढली. परंतु पाहुणे आले म्हणजे तिने पंक्तीस बसावयाचे नाही, भोजनोत्तर मात्र स्त्रियांत येऊन बसावे! १७७९ सालच्या एका पाहुण्याच्या टिपणातही तिच्या या भोजनोत्तर येण्याची नोंद आहे.

हे वाचून आपणांस हसू येईल. पण क्षणभर थांबावे. विदुराची बुद्धी आपण पूजनीय मानितो; तरी तो दासीपुत्र म्हणून सिंहासनास अपात्रच ठरला. आपल्या घरांतही कोणाचे ताट कोठे मांडावे, कोणास ओसरीवरच पाणी द्यावे, हे शतकानुशतके कुळ पाहूनच ठरत आले. अंबराची कबर खुलताबादेस आहे. बीडकडून वेरूळास जाणारांनी तेथे वाट वाकडी करून जावे. आणि मुलांना त्याच्या लढायांबरोबर त्याच्या लेकीचीही कथा सांगावी.