मुसीकाठचा पाऊस

वसईकडील वाचकांस पाऊस म्हटला की मृगाच्या सरी आणि आषाढातील संततधार आठवते. पण दख्खनच्या पठारावर हैदराबादेस गेले म्हणजे ध्यानात येते की, एकाच देशात, एकाच मोसमी वाऱ्यांच्या राज्यात, पावसाचे स्वभाव किती निरनिराळे असतात!

अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडून कोकणात रिते होतात. घाटापलीकडे उरतो तो थोडा ओलावा. म्हणूनच मुंबईस वर्षाकाठी २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच असलेल्या हैदराबादेस सुमारे ८००. परंतु सरासरीचा हा आकडा माणसास फसवितो. आपल्याकडे भातकापणीची चाहूल लागते, त्याच सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळे तिकडे वळतात आणि कधीकधी एका रात्रीत साऱ्या ऋतूची भरपाई करून जातात.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी असेच झाले. मुसी नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले आणि त्या लोंढ्याने काठावरील वस्त्या धुऊन नेल्या. हजारो माणसे दगावली. अफजल पार्कातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. ते झाड आजही उभे आहे. त्याच्याखाली उभे राहिले असता मन आपोआप प्रार्थनेकडे वळते.

पुढील वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. शहराच्या वरच्या बाजूस पाणी अडवावे, असा त्यांनी सल्ला दिला. त्यातून १९२० साली मुसीवर उस्मानसागर आणि १९२७ साली तिच्या इसी ह्या उपनदीवर हिमायतसागर पुरे झाले. ज्या पाण्याने घरे बुडविली, तेच पाणी पुढे घरोघरी पिण्यास मिळू लागले.

तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये २४ तासांत सुमारे १९० मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक वस्त्या पुन्हा जलमय झाल्या. धरणे होती, परंतु शहरातील कित्येक तळी आणि नाले मधल्या काळात बुजवून त्यांवर घरे उठली होती. पाणी आपली जुनी वाट विसरले नव्हते.

परमेश्वर नीतिमान व अनीतिमान ह्या दोघांवरही पाऊस पाडतो, असे प्रभू येशूने शिकविले. मात्र सखल जागी कोणाचे घर असावे, हे माणूस ठरवितो. आणि ते बहुधा गरिबाचेच असते. म्हणून पुराचा सगळा भार देवाच्या इच्छेवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. आपल्या वाडीतील बावखल बुजवावे की राखावे, असा प्रश्न ज्या कुटुंबापुढे आज उभा असेल, त्याने मुसीकाठची ही हकीकत एकदा घरात वाचावी. आपण बुजविलेले पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जाते, एवढे ध्यानात आले तरी पुरे.