बोरघाट, भोर आणि एक मिलिमीटर

सातवी-आठवीपर्यंत माझी ठाम समजूत होती, की भारतातली सगळ्यात अवघड रेल्वे आमच्या भोरवरून जाते. दोष इंग्रजीचा! आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत रेल्वेचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात स्पष्ट छापलं होतं, 'भोर घाट'. १८५६ मध्ये काम सुरू, १८६३ मध्ये गाडी सुरू, २५ बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला, तर त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट पुढे चालवून दाखवलं. मी वर्गात सगळ्यांना ऐकवलं, "दॅट्स माय नेटिव्ह प्लेस!" सुट्टीत घरी आल्यावर बाबांना विचारलं, आपलं स्टेशन कुठं आहे? बाबा इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. "अगं, तो बोरघाट! खंडाळ्याचा. आपल्याकडे एस.टी. स्टँड आहे, तो बघ."

तर भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून रेल्वेचा एक फूटही रूळ नाही. राजगड आहे, तोरणा आहे, भाटघरचं धरण आहे. रूळ नाही. त्या दिवशी मला वाटलेली निराशा हास्यास्पद होती, पण ती खरी होती. मग मामाने समजूत काढायला कोथरूडला नेलं. तिथे भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, १९९८ पासूनचं. दिवे मंद झाले आणि त्या एवढ्याशा गावातून गाड्या पळायला लागल्या. मी मामाचा शो संपल्यावर "अजून एकदा" म्हणून हात ओढला. इंजिनिअरिंगला मेकॅनिकलच का घेतलं असं व्हायवाला विचारतात, तेव्हा मी "इंटरेस्ट" असं उत्तर देते. खरं उत्तर हे आहे.

सेकंड इयरला ठरवलं, एक वाफेचं इंजिन स्वतः बनवायचं. कुठलं? हे आजीने ठरवलं, तिच्या नकळत.

आजी वेल्ह्याकडची, तोरण्याच्या पायथ्याची. आमच्या घरात वाफेच्या गाडीत बसलेलं एकमेव माणूस. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती वारीला चालत गेली आणि येताना पाय इतके सुजले की बायकांनी तिला पंढरपूरला गाडीत कोंबलं. "बारकी गाडी व्हती," एवढंच ती सांगायची. मला वाटायचं, आजीला सगळंच बारकं वाटतं. पण ती खरोखरच बारकी गाडी होती! ती होती बार्शी लाईट रेल्वे. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत सगळा मार्ग रुंद झाला.

कॅलथ्रॉपची युक्ती मला फार आवडली. त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात. पण हलकं इंजिन ओढणार किती? म्हणून त्याने लीड्सच्या किटसन कंपनीकडून जी इंजिनं घेतली, त्यांना ओढणारी चाकंच आठ. चार ॲक्सल गुणिले पाच, वीस टन रुळांना धरून. मागे आणखी चार साधी चाकं, भार वाटून घ्यायला. पाणी वेगळ्या टेंडरमध्ये नाही, बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत. आपल्या मशीन डिझाईनच्या सरांनी हे असं शिकवलं असतं तर मी पुढच्या बाकावर बसले असते!

स्केल घेतलं एका फुटाला चार मिमी, म्हणजे साधारण १:७६. बॉडी पुठ्ठा आणि प्लॅस्टिकच्या शीटची, चिमणी बॉलपेनची, टाक्यांवरचे रिव्हेट टाचणीने मागून टोचून. मोटर आणि चाकं सेकंडहँड, 'एन' गेजची. आणि इथेच घोळ. एन गेजचे रूळ ९ मिमी अंतराचे असतात. माझ्या स्केलला अडीच फूट म्हणजे बरोब्बर १० मिमी.

एक मिलिमीटर. रूममेट म्हणाली, "कुणाला दिसणार आहे?" तिचं बरोबर होतं. जगात असं सर्रास चालतं. आयर्लंडची मोठी रेल्वे ५ फूट ३ इंचांची, चार मिमीच्या स्केलला २१ मिमी हवेत. पण दुकानात तयार मिळतात ते रूळ १६.५ मिमीचे, म्हणून तिथले बरेच हौशी लोक आपली आयरिश इंजिनं त्यावरच पळवतात. काही हट्टी मंडळी मात्र २१ मिमीचे रूळ हाताने बनवतात. आपल्या ब्रॉडगेजचं तर २२ लागेल. मी हट्टी नव्हते. मी कार्ड छापलं, 'बार्शी लाईट रेल्वे, अचूक प्रतिकृती, १:७६', आणि प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी मॉडेल आजीला दाखवायला घरी नेलं.

आजीने ते तळहातावर घेतलं, नाकाजवळ नेलं, समोरून पाहिलं. मला वाटलं डोळ्यांत पाणी वगैरे येणार. ती म्हणाली, "ही पडंल."

"का गं?"

"पाय लई जवळ हायेत. गाडी बारकी व्हती पर पडत न्हवती. माणसं टपावर बसल्याली, तरी पडली न्हाय."

आता, आजीने मोजलं नव्हतं. पुठ्ठ्याची बॉडी थोडी उंच झाली होती, त्यामुळेही असेल. पण एक मिमी म्हणजे खऱ्या गाडीत तीन इंच, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं, आणि कार्डावर 'अचूक' मी लिहिलं होतं. परतीच्या एस.टी.त कात्रजपर्यंत ते इंजिन मांडीवर धरून बसले होते आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

प्रदर्शनात ठेवलंच नाही. रूममेट दोन दिवस बोलली नाही, कारण पोस्टर तिने रंगवलं होतं. तो राग रास्त होता.

मग १० मिमी. जुन्या ट्रॅकमधून रूळ ओढून काढले. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधले पीसीबीचे वाया गेलेले तुकडे कापून स्लीपर केले, कारण त्यांच्या तांब्यावर रूळ थेट सोल्डर करता येतात. पहिल्याच दिवशी बारा व्होल्टचा ॲडाप्टर धूर सोडून मेला. तांबं दोन्ही रुळांना जोडतं, मध्ये करवतीने खाच मारावी लागते, हे थर्ड इयरच्या मुलीला कळू नये? (ॲडाप्टर माझा नव्हता. ज्याचा होता त्याला आता हे वाचून कळेल. सॉरी.) वर्कशॉपमधल्या काकांनी लेथवर सहा नवे ॲक्सल करू दिले. दोन वाकडे झाले, ते पुन्हा केले. आठही चाकं एकाच दांड्याने जोडलेली, त्यामुळे वळणावर इंजिन अडकून बसायचं. मधल्या ॲक्सलना इकडेतिकडे सरकायला किंचित जागा ठेवली, तरी फार नाही जमलं. सध्या ते फक्त सरळ चालतं. साठ सेंटिमीटर.

दिवाळीत ते साठ सेंटिमीटर आजीच्या ओसरीवर मांडले. इंजिन खडखडत गेलं, टोकाला थांबलं, उलटं आलं. आजीने तीनदा चालवायला लावलं. पडण्याचं काही बोलली नाही. मग म्हणाली, "डबा कुठाय?"

"डबा नाही केला अजून."

"मंग? आम्ही काय इंजनात बसलो व्हतो?"

डब्याचं ड्रॉईंग मला मिळालेलं नाही. आजीला विचारलं, दार केवढं होतं? ते तिला काय माहीत. पण तिचं बोचकं आडवं आत जाईना, मागची माणसं ओरडायला लागली, मग तिने ते उभं करून ढकललं, हे तिला पक्कं आठवतं. बोचकं केवढं होतं? तिने दोन्ही हात समोर धरले. मी टेप लावला. दोन फूट.

म्हणजे दार आठ मिलिमीटरपेक्षा कमी.